मृत्यूनंतरची खाती : दाखला, क्रम आणि वारस

माणूस गेला तरी त्याची ऑनलाइन खाती चालूच राहतात. बँक, मोबाइल कंपनी, ई-मेल सेवा, दरमहा वर्गणी कापून घेणारे ॲप यांपैकी कोणालाही मृत्यूची खबर सहसा आपोआप लागत नाही; ती कोणीतरी कळवावी लागते. तोवर हप्ते कापले जातात, पगार किंवा पेन्शन जमा होते, वाढदिवसाच्या आठवणी येत राहतात आणि ओटीपी कुलूप लागलेल्या फोनवर येऊन वाया जातात. ही खाती शोधणे, त्यांतले कुटुंबाचे जे असेल ते सोडवून घेणे, देणे असेल ते फेडणे आणि मग एकेक खाते मिटवणे हे काम आता जवळपास प्रत्येक घरावर पडते. ते दोन कारणांनी बिघडते. एक म्हणजे घाई : जे शेवटी बंद करायचे ते आधी बंद केले जाते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. घरचे लोक वारस म्हणून पुढे येण्याऐवजी मृत व्यक्तीच्याच नावाने, तिच्याच पासवर्डने व्यवहार करत राहतात.

पनवेल तालुक्यातल्या बेलपाड्याला वारस ही गोष्ट नव्याने समजावून सांगावी लागत नाही. आज हे गावठाण खारघर नोडच्या इमारतींच्या शेजारात आहे आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या बेलापूर-पेंधर मेट्रोमार्गावर त्याच्या नावाचे स्थानक आहे. १९७० साली नगरविकासाची सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण भागांतली ९५ गावे नवी मुंबईच्या आराखड्यात आली, आणि तेव्हापासून या पट्ट्यातल्या घरांनी संपादित जमिनीचा मोबदला, वाढीव मोबदला, जमिनीच्या बदल्यातला साडेबारा टक्क्यांचा भूखंड अशा प्रत्येक टप्प्यावर वारसांची कागदपत्रे जुळवली आहेत. सातबाऱ्यावर वारस लावायचा तर वाट ठरलेली आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची, गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते, मग फेरफार पडतो, हरकती ऐकल्या जातात आणि नावे चढतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज ई-हक्क प्रणालीवरूनही करता येतो, पण रीत तीच आहे. फोनमधल्या खात्यांना असे एक दप्तर नाही. प्रत्येक बँक, प्रत्येक कंपनी आपापली नोंदवही ठेवते आणि प्रत्येक ठिकाणी वारसाला नव्याने उभे राहावे लागते. तत्त्व मात्र जमिनीचेच लागू आहे : मृत व्यक्तीच्या नावाने सही करायची नाही, आपल्या नावाने अर्ज करायचा.

सगळ्या अर्जांचा पाया मृत्यूचा दाखला हा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे आणि त्यातली २०२३ ची दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. मृत्यूची वर्दी २१ दिवसांत द्यायची असते. त्यानंतर विलंब शुल्क लागते आणि एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. दाखला मृत्यू जिथे झाला तिथल्या निबंधकाकडून मिळतो, राहत्या पत्त्यावरून नाही. बेलपाड्याच्या बाबतीत हा भेद रोजच्या अनुभवाचा आहे. घरी किंवा खारघरमध्ये मृत्यू झाला तर पनवेल महानगरपालिका. मेट्रोने दोन स्थानके अलीकडच्या सीबीडी बेलापूरला, नेरूळला किंवा वाशीला रुग्णालयात झाला तर नवी मुंबई महानगरपालिका. परळ-शीवच्या रुग्णालयात झाला तर बृहन्मुंबई महानगरपालिका. चुकीच्या कार्यालयात खेटे घालण्यात तेरावे उलटून जाते. दाखल्यावरचे नाव आधार, पॅन आणि बँकेतल्या नावाशी जुळते का, हे तो हातात पडताच पाहावे. वडिलांचे नाव गाळलेले, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे, स्त्रीचे माहेरचे नाव एका ठिकाणी आणि सासरचे दुसऱ्या ठिकाणी, अशा फरकांवर पुढचे अर्ज अडतात, आणि दाखल्यातली दुरुस्ती ताज्या नोंदीवर करून घेणे सोपे असते. दाखल्याच्या प्रती जास्त घ्याव्यात. मात्र तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकू नये. त्यावरची माहिती आणि शोकसंदेशात छापलेला मोबाइल क्रमांक एवढ्या भांडवलावर फसवणूक करणारे ‘बँकेतून बोलतोय, क्लेम मंजूर झालाय’ असा फोन करतात.

दाखल्याइतकाच महत्त्वाचा दुसरा ऐवज म्हणजे मृत व्यक्तीचा मोबाइल क्रमांक. बँक, आधार, आयकर, भविष्य निर्वाह निधी, गॅस, वीज, ई-मेल या सगळ्यांच्या किल्ल्यांचा जुडगा त्या एका सिमला अडकवलेला असतो. आणि नेमके तेच आधी बंद केले जाते. रिचार्ज संपतो, ‘आता कोण वापरणार’ म्हणून कोणी तो भरत नाही. किंवा फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला जातो. भारतात प्रीपेड क्रमांक ९० दिवस अजिबात वापरला गेला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला क्रमांक आणखी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे साधारण सहा महिन्यांत आईच्या किंवा वडिलांच्या क्रमांकावर परका माणूस बोलू लागण्याची शक्यता असते, आणि त्या क्रमांकाला जोडलेल्या खात्यांचे संदेश त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून पहिल्या आठवड्यातले काम एवढेच : फोन जसाच्या तसा जपून ठेवणे, चार्ज ठेवणे, रिचार्ज चालू ठेवणे. मोबाइल कंपन्यांकडे दाखला, नात्याचा पुरावा आणि नवे केवायसी देऊन क्रमांक वारसाच्या नावावर करून घेण्याची सोय असते. ती वापरावी, कारण मृताच्या नावावरचे सिम अनिश्चित काळ चालवत राहणेही बरोबर नाही.

मुले परदेशात असलेल्या घरांत हा प्रश्न जास्त बोचतो. न्यू जर्सीतला किंवा सिंगापूरमधला मुलगा तेराव्यापर्यंत थांबतो आणि परत जातो. सिम इकडेच कपाटात राहते आणि तिकडे उघडलेल्या प्रत्येक पोर्टलवर ओटीपीचा रकाना रिकामा राहतो. आणखी एक गैरसमज इथे आढळतो. वडिलांनी हयातीत दिलेले मुखत्यारपत्र पुढेही चालेल असे मानले जाते. ते चालत नाही. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी मालकाच्या मृत्यूबरोबर संपते. परदेशी असलेल्या वारसाने स्वतःच्या हक्कापुरते नवे मुखत्यारपत्र करून, तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून, इथल्या भावाला किंवा बहिणीला द्यावे. ते वैध ठरते.

खाती कोणती आहेत हे शोधण्यासाठी पासवर्ड लागतोच असे नाही. बँकेचे गेल्या तेरा महिन्यांचे विवरणपत्र हा सर्वांत भरवशाचा कागद. बारा नव्हे तेरा, कारण वार्षिक वर्गण्या आणि विम्याचे हप्ते वर्षातून एकदाच दिसतात आणि महिनाभर पुढेमागे सरकतात. त्यातली प्रत्येक कपात ही एका खात्याची खूण असते. मे महिन्याच्या अखेरीस गेलेले ४३६ रुपये दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना असते आणि तिच्यातून वारसाला २ लाख रुपये मिळू शकतात. २० रुपयांची कपात ही सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूसाठी तितक्याच रकमेची. ‘किरकोळ काहीतरी कापलंय’ म्हणून त्या ओळीवरून नजर फिरवणारे घर एक हक्काचा दावा गमावते. नोकरीत असलेल्या माणसाच्या पगारपत्रकातला भविष्य निर्वाह निधीचा रकानाही असाच नीट पाहावा : निधीची रक्कम फॉर्म २० ने, कुटुंबाचे निवृत्तिवेतन फॉर्म १०-डी ने आणि निधीला जोडलेला ईडीएलआय विमा फॉर्म ५-आयएफ ने मागायचा असतो, आणि हा विमा ७ लाख रुपयांपर्यंत असतो. बंद करण्यापूर्वी वाचणे, हा या कामातला सर्वांत मोलाचा भाग आहे. त्याला वेळ लागला तरी चालेल.

बँकेकडे वळताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात : पैसे काढण्याचा अधिकार आणि पैशांची मालकी. खाते संयुक्त असेल आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी नोंद असेल, किंवा नॉमिनी लावलेला असेल, तर बँकेने दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र एवढ्यावर रक्कम द्यायची असते; वारसा प्रमाणपत्र मागायचे नसते. रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी मृत ग्राहकांच्या दाव्यांविषयी एकत्रित निर्देश काढले आणि ते अमलात आणण्यासाठी बँकांना ३१ मार्च २०२६ ही शेवटची तारीख दिली. सर्व कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा, उशीर झाला तर ठेवीच्या रकमेवर बँक दरापेक्षा ४ टक्के अधिक दराने भरपाई द्यावी, असे त्यांत आहे. नॉमिनी नसलेल्या खात्यांसाठीही सुटसुटीत वाट आहे : व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या रकमेला हमीपत्र आणि इतर वारसांची ना हरकत यांवर दावा मिटवता येतो. त्यापुढच्या रकमेला न्यायालयाचा कागद लागू शकतो. महाराष्ट्रात त्यासाठी एक जुनी तरतूद आजही वापरात आहे, १८२७ चा मुंबई विनियम आठवा. वारस दाखला त्याखाली मिळतो. कर्ज किंवा ठेवीसारख्या येण्यासाठी वारसा प्रमाणपत्र भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ खाली घेतात. पनवेलच्या न्यायालयात वारस दाखल्याच्या फाइली घेऊन गेलेल्या घरांना दोन्हींतला फरक वकिलाकडून एकदा समजून घेणे फायद्याचे, कारण बँकेला कोणता चालेल हे आधीच विचारले तर एक फेरी वाचते.

नॉमिनीला रक्कम मिळते, पण तो मालक होतोच असे नाही. या मुद्द्यावर महाराष्ट्रातलाच एक महत्त्वाचा निकाल आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या २०१३ मधील निधनानंतर शेअर आणि म्युच्युअल फंडांवरील नामनिर्देशनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. खंडपीठाने २०१६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी, शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर या प्रकरणात, नामनिर्देशन म्हणजे वारसाहक्काची तिसरी वाट नव्हे असे स्पष्ट केले. नॉमिनी कंपनीकडून मालमत्ता ताब्यात घेतो. ती अखेर मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणे ज्यांची त्यांना जाते. एकाच भावाचे नाव नॉमिनी म्हणून असलेल्या घरांत या निकालाचा अर्थ सर्वांना आधी माहीत असला तर बरीच कटुता टळते. सहकारी गृहनिर्माण संस्थेतल्या सदनिकेचेही तसेच आहे : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ ब-१३ प्रमाणे नॉमिनी हा वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्य असतो.

मृत्यूनंतर एटीएममधून किंवा यूपीआयवरून पैसे काढणे सर्रास चालते. अंत्यविधीचा, रुग्णालयाचा खर्च समोर असतो, पिन घरात सर्वांना ठाऊक असतो, आणि हेतू वाईट नसतो. तरीही हे टाळावे. खातेदाराच्या मृत्यूबरोबर त्याच्या खात्यातली रक्कम सर्व वारसांची होते. एकाने ती दुसऱ्याच्या नावाने काढली की पुढे हिशेब मागितला जातो, आणि माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६६-क अप्रामाणिकपणे दुसऱ्याचा पासवर्ड वापरण्याला गुन्हा मानते. खर्च स्वतःच्या खात्यातून करावा, पावत्या ठेवाव्यात आणि दावा मंजूर झाल्यावर वाटणीत तो वळता करावा.

मृत्यूची नोंद होताच बँक एकट्याच्या नावावरचे खाते गोठवते आणि त्यावरून जाणारे सगळे आपोआप हप्ते थांबतात. वर्गणीच्या दृष्टीने ही सोय वाटते. घराच्या दृष्टीने तो धोका असू शकतो. वडिलांच्या खात्यातून आईच्या विम्याचा हप्ता जात असेल, मुलीच्या आरोग्य विम्याचा, घरकर्जाचा, महावितरणच्या बिलाचा, पाइप गॅसचा, तर ते सर्व एकदम चुकतात. म्हणून बँकेला कळवण्यापूर्वी दोन-तीन दिवस घेऊन या हप्त्यांची यादी करावी आणि जे चालू राहायला हवेत ते हयात माणसाच्या खात्यावर वळवावेत. जे थांबवायचे ते मंजुरी रद्द करून थांबवावे. रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांमुळे कार्डावरून परत परत होणाऱ्या कपातीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. या सूचनांचे एसएमएस वाचले की वर्गण्यांची यादी आपोआप तयार होते. क्रेडिट कार्डाचा वेगळा अर्ज करावा. थकबाकी मिटल्यावर कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करण्याचे बंधन २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे, आणि विलंब झाल्यास दिवसाला ५०० रुपये दंड. ती थकबाकी मृत व्यक्तीच्या मालमत्तेतून द्यायची असते. वारसाने स्वतः हमी घेतली नसेल तर त्याच्या खिशातून वसूल करता येत नाही, हे वसुलीच्या फोनवर ठामपणे सांगावे.

आत येणाऱ्या पैशांकडे तितकेच लक्ष हवे, आणि बेलपाड्यासारख्या गावठाणात तर जास्तच. इथल्या अनेक घरांचे उत्पन्न भाड्याच्या खोल्यांवर आणि छोट्या दुकानांवर चालते. भाडेकरू दर महिन्याला त्याच जुन्या यूपीआय क्रमांकावर भाडे टाकतो. दुकानाच्या काचेवरचा क्यूआर कोड मालक गेल्यानंतरही तसाच चिकटलेला राहतो, आणि ग्राहकांचे पैसे एकतर परत फिरतात किंवा दावा मंजूर होईपर्यंत अडकतात. मृत खातेदाराच्या नावे येत राहणाऱ्या रकमा कशा हाताळायच्या, हे बँकेशी लेखी ठरवून घ्यावे लागते. त्याहून सोपे म्हणजे पहिल्याच महिन्यात भाडेकरूंना लेखी कळवणे, भाडेकरार वारसांच्या नावे करून घेणे आणि दुकानावर नवा क्यूआर लावणे. दुकान जीएसटी नोंदणीकृत असेल तर वारसाने जुनी नोंदणी आरईजी-१६ अर्जाने रद्द करायची आणि व्यवसाय पुढे चालवायचा असल्यास स्वतःची नोंदणी घ्यायची.

करमणुकीच्या आणि ॲपच्या वर्गण्या रकमेने लहान असतात. फोनवरून ॲप काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती ॲप स्टोअरच्या वर्गणी विभागातून किंवा कंपनीला दाखला पाठवून थांबवावी लागते. कौटुंबिक योजनेचा प्रमुख मृत व्यक्ती असेल तर तिचे खाते पुसताच बाकीच्यांची जागाही जाते, म्हणून आधी नवा प्रमुख करावा. ग्राहक सेवेचा क्रमांक मात्र इंटरनेटवर शोधून लावू नये; तिथे खोटे क्रमांक पेरलेले असतात. कार्डाच्या मागचा किंवा अधिकृत ॲपमधला क्रमांक वापरावा आणि फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवावे.

सरकारी ओळखपत्रे आणि नोंदी रद्द करण्याची सरसकट घाई करू नये. आधारसाठी जून २०२५ पासून मायआधार पोर्टलवर कुटुंबातल्या व्यक्तीच्या मृत्यूची नोंद करण्याची सोय आहे. सुरुवातीला ती नागरी नोंदणी प्रणाली वापरणाऱ्या २४ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांसाठी सुरू झाली. मतदार यादीतले नाव फॉर्म ७ ने कमी होते. शिधापत्रिकेतून नाव कमी करणे, पेन्शन, शेतकरी सन्मान निधी किंवा लाडकी बहीण योजनेचे हप्ते थांबवणे ही कामे लवकर करावीत. मृत्यूनंतर जमा झालेले पेन्शन परत जाते, आणि ते खर्चून बसलेल्या घराला नंतर जड पडते. पॅनचे नेमके उलट आहे. १ एप्रिलपासून मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र वारसाने भरायचे असते. त्यासाठी आयकर पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी होते आणि परतावा वारसाच्या खात्यात येतो. हे सर्व आणि शेअर-फंडांचे हस्तांतरण संपेपर्यंत पॅन परत करू नये. शेअर बाजारातल्या गुंतवणुकींसाठी सेबीने १ जानेवारी २०२४ पासून केवायसी नोंदणी संस्थांमार्फत मृत्यू कळवण्याची व्यवस्था केली आहे. एका मध्यस्थाला कळवले की बाकीच्यांकडे निरोप जातो. गाडीसाठी परिवहन कार्यालयाला ३० दिवसांत कळवावे. तसे कळवले असेल तर गाडी तीन महिन्यांपर्यंत वापरता येते आणि तेवढ्या मुदतीत फॉर्म ३१ ने मालकी बदलून घ्यायची असते. एमएच-४६ च्या गाड्यांसाठी हे पनवेलचे कार्यालय. फास्टॅग देणारी बँक वेगळी असू शकते. तिची अनामत परत मागावी.

आता उरतात ती खाती ज्यांत पैसा नाही, पण माणूस आहे. ई-मेल, छायाचित्रे, फेसबुक, व्हॉट्सॲप. ई-मेल हे पत्रांचे घर तर आहेच, शिवाय इतर खात्यांचे पासवर्ड बदलण्याचा मार्गही तोच आहे, त्यामुळे तेही उशिराच मिटवावे. गूगलकडे मृत व्यक्तीचे खाते बंद करण्याची, काही बाबतींत त्यातली सामग्री मागण्याची विनंती करता येते. पासवर्ड मात्र ते कोणाला देत नाहीत. कोणी काहीच केले नाही, तरी दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून पुसली जाऊ शकतात. वडिलांनी काढलेली नातवंडांची छायाचित्रे, आईने रेकॉर्ड केलेल्या ओव्या त्याबरोबर जातात. फोन उघडता येत असेल तर हे सर्व आधी हार्ड डिस्कवर उतरवावे. कुलूप उघडत नसेल तर फॅक्टरी रिसेट करणारा दुकानदार सामग्रीही पुसतो, हे ध्यानात ठेवावे. फेसबुकवर खाते पुसून टाकता येते किंवा स्मरणार्थ ठेवता येते. ही दुसरी सोय २००९ पासून आहे आणि वारस संपर्क नेमण्याची सोय २०१५ पासून. वारस संपर्काला मुखपृष्ठाचे चित्र बदलता येते, श्रद्धांजलीचा मजकूर वर ठेवता येतो, पण खासगी संदेश वाचता येत नाहीत. ही मर्यादा योग्यच आहे. त्या संदेशांत दुसऱ्या बाजूला जिवंत माणसे असतात आणि त्यांनी आपले मन फक्त एकाकडे मोकळे केलेले असते.

या प्रश्नावर न्यायालये वेगवेगळ्या दिशांनी गेली आहेत. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ जुलै २०१८ रोजी, बर्लिनमध्ये २०१२ साली भुयारी रेल्वेखाली सापडून गेलेल्या १५ वर्षांच्या मुलीचे फेसबुक खाते तिच्या आईवडिलांना खुले करण्याचा निकाल दिला. कपाटातली पत्रे आणि डायऱ्या जशा वारसांकडे येतात तसेच हेही, अशी त्याची भूमिका होती. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी स्वीकारलेला २०१५ चा नमुना कायदा मात्र मृत व्यक्तीने संमती दिली असेल तरच संदेशांचा मजकूर देतो. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे इथे निर्णय प्रत्यक्षात कंपनीच्या अटींवर आणि घरच्यांच्या विवेकावर सोडलेला आहे. खाते पुसावे की ठेवावे यावर भावंडांचे मत जुळत नसेल तर काही महिने थांबावे. ठेवलेले खाते नंतर पुसता येते, पुसलेले परत येत नाही.

व्हॉट्सॲपवर स्मरणखात्याची सोय नाही. १२० दिवस न वापरलेले खाते साधारणपणे पुसले जाते. त्यापूर्वी गावकीच्या, भजनी मंडळाच्या, सोसायटीच्या ज्या गटांची मृत व्यक्ती प्रमुख होती तिथे दुसरा प्रमुख नेमून घ्यावा, हव्या त्या संभाषणांच्या प्रती काढाव्यात आणि मग खाते बंद करावे. म्हणजे पुढे क्रमांक कोणाकडेही गेला तरी घरच्या गटात परक्याचा चेहरा उगवणार नाही. याच सुमाराला सिमचा निर्णय येतो : वारसाच्या नावावर करून ठेवायचे की परत द्यायचे. परत द्यायचे असेल तर बँक, आधार, आयकर, ई-मेल यांपैकी एकही खाते त्याला जोडलेले उरलेले नाही ना, एवढे पाहावे. हँडसेट त्यानंतर रिसेट करून कोणालाही द्यायला हरकत नाही.

यातले बरेचसे काम खातेदाराला हयातीतच हलके करता येते. बँकेत १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, वाटा ठरवून एकदम किंवा एकामागून एक. गूगलच्या निष्क्रिय खाते व्यवस्थापकात, ही सोय २०१३ पासून आहे, ३ ते १८ महिन्यांची मुदत ठरवून दहापर्यंत विश्वासू माणसे नेमता येतात. ॲपलने डिसेंबर २०२१ पासून पाचपर्यंत वारस संपर्क नेमू दिले आहेत. त्यांना दाखल्याबरोबर एक प्रवेश-किल्ली लागते, म्हणून ती छापून ठेवावी. सेबीच्या १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्यवस्थेत डिजिलॉकरमध्ये नॉमिनी नेमला की त्याला गुंतवणुकींचे तपशील पाहायला मिळतात. खात्यांची यादी कागदावर लिहून दागिन्यांच्या किंवा जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावी. त्यात पासवर्ड नसले तरी चालेल, कोणत्या बँकेत, कोणत्या ई-मेलवर, कोणत्या क्रमांकावर काय आहे एवढे असावे. मृत्युपत्रही कागदावरच करावे लागते : माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने ते आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे, त्यामुळे ई-मेलमध्ये लिहिलेली किंवा डिजिटल सही केलेली इच्छा मृत्युपत्र ठरत नाही, स्वतःची सही आणि दोन साक्षीदार हवेत. ऑनलाइन खात्यांविषयीची इच्छा त्याच मृत्युपत्रात दोन ओळींत लिहिता येते.

कायद्यातली पुढची तरतूद डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम १४ मध्ये आहे. आपल्या मृत्यूनंतर किंवा आपण अक्षम झाल्यावर आपल्या माहितीविषयीचे हक्क कोणी बजावावेत, हे नेमून ठेवण्याचा अधिकार ते प्रत्येकाला देते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि हा भाग त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायचा आहे. तो लागू झाला की माहिती दुरुस्त करण्याची, पुसण्याची मागणी नेमलेली व्यक्ती स्वतःच्या नावाने, अधिकाराने करू शकेल.